मंगळवारचा पिवळा दिवा

"पिवळा दिवा लागला की गाडी जागची हलवायची नाय. इंजिन बंद, चावी बाहेर, आणि आधी मला फोन. मग बाकीचं जग. समजलं?"

प्रवीण हे सांगून मस्कतला गेला त्याला आठ महिने झाले होते. तरी सकाळी शाळेत जाण्यासाठी स्नेहलने चावी फिरवली, की स्टीअरिंगपुढचे सगळे दिवे क्षणभर उजळत आणि तेवढ्या क्षणात हा आवाज गाडीत येऊन जाई. मग दिवे एकेक करून विझत. आवाजही जाई. स्नेहल ओढणी सारखी करी आणि गाडी महाडच्या गल्लीतून बाहेर काढी.

प्रवीणचा खरा फोन शुक्रवारी येई, त्याच्या सुट्टीच्या दिवशी. तो फार तर सात मिनिटं चाले.

"जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"आत्ताच. आये कुठं हाय?"

"देवळात गेल्यात."

"बरं. पाऊस?"

"आहे."

यानंतर तिकडून एसीची घरघर ऐकू येई, इकडून पागोळ्या. बोलायला काही नव्हतं असं नाही. फार होतं, आणि म्हणूनच कुठून सुरू करावं ते दोघांनाही कळत नसे. मग प्रवीण म्हणे, "बरं, ठेवतो," आणि स्नेहल काळ्या पडलेल्या फोनकडे बघत बसे.

तिच्या सासूबाई, प्रयागबाई, या बाबतीत वेगळ्या होत्या. त्या फोनकडे नाही, देवाकडे बघत बसत. सोमवारी एकभुक्त, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती, आणि रविवारी जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन गुडघे शेकणं. हे शेवटचं दुखण्यासाठी होतं, पण त्यांनी तेही व्रतातच धरलं होतं. येताना त्या कुंडाचं पाणी पाच लिटरच्या कॅनमधून घरी आणत. बुधवार तेवढा मोकळा होता. त्या दिवशी उरलेल्या वारांची तयारी चाले.

इतक्या देवांकडे त्यांचं मागणं मात्र एकच होतं. त्यांचं माहेर कुडपणला, पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. तिथे त्यांचे थोरले भाऊ, भागोजीमामा, राहत. गुडघ्यांमुळे मामांना खाली उतरता येत नव्हतं आणि गुडघ्यांमुळेच प्रयागबाईंना एसटीने वर जाता येत नव्हतं. एकाच आईचे गुडघे होते ते. प्रवीण दर दिवाळीला म्हणे, "आये, यंदा भाऊबीजेला तुला वर नेतो." एका वर्षी रजाच मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी घाटात दरड आली. तिसऱ्या वर्षी त्याचं विमान नेमकं पाडव्याच्या दुपारी होतं. तो बॅग उचलून अंगणात खाली मान घालून उभा राहिला, तेव्हा त्याचं ते तोंड बघवेना म्हणून स्नेहल बोलून गेली, "आई, पुढच्या भाऊबीजेला मी नेईन तुम्हाला."

बोलून गेली आणि मग तिला आठवलं, की आपण गाडी फक्त सपाटीवर शिकलोय.

पहिल्यांदा दिवा लागला तो आषाढातल्या एका मंगळवारी. स्नेहलने फाटकातच गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, चावी काढली आणि मस्कतला फोन लावला. तिथे साडेसात वाजले होते आणि प्रवीण कंपनीच्या बसमध्ये होता.

"पिवळा? इंजिनाच्या चित्राचा?"

"हो."

"एकसारखा जळतोय की लुकलुकतोय?"

"एकसारखा."

"आवाज कसा येतो? सुरू कर. फोन बॉनेटजवळ धर. आता आत ये. आता ॲक्सिलरेटर थोडा दाब. थोडा म्हटलं ना मी!"

त्या सकाळी ते बेचाळीस मिनिटं बोलले. प्रवीण मस्कतला इमारतींचे मोठमोठे एसी दुरुस्त करायचा. बिघाड म्हटला की त्याची जीभ मोकळी व्हायची. स्नेहलची पहिली तासिका बुडाली. मुख्याध्यापकांनी रजिस्टरवर लाल रेघ ओढली. पण त्या दिवशी तिचा चेहरा असा होता, की पाचवीच्या मुलींनी तिला विचारलं, "बाई, आज तुमचा वाढदिवस हाय काय?"

दुपारी महिपती आला. हायवेच्या जुन्या वळणावर त्याचं गॅरेज होतं. महाडात कुठलंही यंत्र बिघडलं की मेकॅनिकचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि महिपतीनेही तोच विचारला.

"पुरात होती काय?"

"नाही. पुरानंतर घेतलीय."

"मग वाचली." त्याने स्टीअरिंगखाली एक छोटा डबा खोचला, मोबाइलवर काहीतरी उघडलं आणि वाचलं, "पी शून्य एक तीन पाच."

"म्हणजे?"

"ऑक्सिजन सेन्सर, बाई. धुराच्या नळीत बसवलेला असतो. गाडीचं नाक समजा. बाहेर जाणाऱ्या धुराचा वास घेतो आणि आत कळवतो, पेट्रोल जास्त होतंय का कमी. पण गार नाकाला वास येत नाय. म्हणून त्याच्या पोटात बारका हीटर असतो. त्या हीटरची लाइन बिघडली, असं गाडी म्हणते."

ओट्यावर वाती वळत बसलेल्या प्रयागबाईंनी मान वर केली. "नाकाला ऊब लागते व्हय रे?"

"लागते की काकी. नाक गरम, तर गाडी खूश."

"कुठशी असतं तें?"

महिपतीला विचारणारं माणूस आवडत असे. त्याने बॉनेट उचलून दाखवलं. "हें बघा. या पत्र्याच्या आड. आणि ही त्याची वायर, हा तिचा प्लग."

प्रयागबाई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, जवळ आल्या आणि नवीन देवळात मूर्ती कुठे बसवलीय ते बघावं तसं त्यांनी ते नाक नीट पाहून घेतलं.

महिपतीने प्लग काढून फुंकला, पुसला, बसवला. मोबाइलवरून कोड पुसला. दिवा विझला. जाताना तो म्हणाला, "आणि बाई, घाबरायचं नाय. दिवा एकसारखा जळला तर सावकाश चालवत माझ्याकडं आणा. लुकलुकला तर मात्र तिथंच थांबवा. तेवढा फरक ध्यानात ठेवा."

स्नेहलने हे संध्याकाळी प्रवीणला सांगितलं.

"महिपतीला काय कळतंय!" प्रवीण म्हणाला. "मी सांगितलं तेच. हलवायची नाय. आधी मला फोन."

"बरं," स्नेहल म्हणाली. तिला तेच हवं होतं.

पुढच्या मंगळवारी दिवा परत लागला.

त्यानंतरच्या मंगळवारीही लागला. खरं तर आधीपेक्षा जास्त नेमाने लागू लागला. महिपतीने सेन्सर बदलला. नव्या सेन्सरनेही आठ दिवसांत जुन्यासारखंच रडगाणं लावलं. प्रवीणने मस्कतहून निदान केलं की पेट्रोलात भेसळ आहे. स्नेहलने पोलादपूरच्या पंपावरून पेट्रोल भरलं. भेसळ पोलादपूरलाही होती असं दिसलं. मग शेजारचा श्रीपत म्हणाला, दृष्ट आहे, आणि त्याने पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. ती गाडीच्या उष्णतेने वाळली आणि शाळेत एका मुलाने तोडून खाल्ली, त्याचा वेगळा गवगवा झाला.

मग प्रवीण म्हणाला, "उंदीर. शंभर टक्के उंदीर. वायर कुरतडतोय. गाडीखाली तो चिकट पुठ्ठा ठेव."

स्नेहलने रविवारी संध्याकाळी पुठ्ठा ठेवला. सोमवारी सकाळी त्यावर उंदीर नव्हता. प्रयागबाईंची डाव्या पायाची चप्पल होती.

"आई, तुमची चप्पल गाडीखाली कशी गेली?"

प्रयागबाई त्या वेळी माळ ओढत होत्या. जपात बोलायचं नसतं. त्यांनी नुसता जास्वंदीकडे हात केला. जास्वंद गाडीच्या कडेलाच होती. पहाटे फुलं काढायला गेल्या असतील, असं स्नेहलला वाटलं. तिने चप्पल रॉकेलने सोडवली.

असे दहा-अकरा मंगळवार गेले. या काळात स्नेहलने चार शब्दांचा पाढा पाठ केला: कोड, हीटर, प्लग, वायर. प्रवीण व्हिडिओवर येई, ती फोन इंजिनावर धरी, आणि इंजिन दाखवता दाखवता कधीतरी फोन उलटा होऊन तिचाच चेहरा पलीकडे दिसे. "राहू दे असाच जरा," प्रवीण म्हणे, "हात दुखला असेल तुझा." मग कोडवरून गोष्ट शाळेवर जाई, शाळेवरून तिच्या केसांवर, केसांवरून मस्कतच्या पाण्यावर. त्याचे केस गळत होते. हे तिला ऑक्सिजन सेन्सरमुळे कळलं. शेवटी प्रयागबाई फोन घेत, दोन्ही हातांनी, ताटासारखा. "जेवलास काय रे? काळा पडलास. तुझ्या त्या नाकाचं काय तें बघ बाबा लवकर. भाऊबीज जवळ आली."

कारण प्रवीणने साफ सांगितलं होतं, दिवा लागत असेल तर कुडपणचं नाव काढायचं नाय. घाटात गाडी बंद पडली तर दोघी बायका काय करणार?

शेवटी बिंग फुटलं ते महिपतीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे. कुठली गाडी कधी आली ते तो तारखेच्या चौकोनात लिहून ठेवी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पान उलटताना त्याला दिसलं, की 'स्नेहलबाई' हे दोन महिने एकाच रांगेत, वरून खाली, पागोळीसारखं लिहिलंय.

"बाई, तुमचा दिवा फक्त मंगळवारीच लागतो," त्याने रविवारी फोनवर स्नेहलला सांगितलं.

"गाडीला वार कसा कळेल?"

"तेंच तर. पण ऐका. ही गाडी एकदा चूक दिसली तर बोलत नाय. मनात ठेवते. दुसऱ्या खेपेला तीच चूक पुन्हा दिसली, की मग दिवा लावते."

स्नेहलला मुख्याध्यापकांची आठवण झाली.

"म्हंजे दिवा मंगळवारचा, पण चूक सोमवारची," महिपती म्हणाला. "सोमवारी तुम्ही शाळेत जाता त्याच्या आधीच काहीतरी होतंय. उद्या सोमवार. मी पहाटे येऊन बसतो. उंदीर असूदे नायतर भूत, मी बघतो."

सोमवारी साडेपाचला, अजून नीट उजाडलं नव्हतं तेव्हा, महिपती अंगणातल्या पाण्याच्या पिंपाआड पाना घेऊन बसला. स्नेहल स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. गॅसवर कुणीतरी आधीच पाणी तापवून नेलं होतं, ते तिच्या लक्षात आलं, पण उशिरा.

मागचं दार वाजलं. प्रयागबाई आल्या. न्हालेल्या, ओला अंबाडा, एका हातात वाफाळता तांब्या, दुसऱ्या हातात फुलांची परडी. त्यांनी गाडीचं दार उघडलं, सरावाने खाली हात घालून खटका ओढला. काच धुण्याचं पाणी कुठे भरायचं हे दाखवताना प्रवीणनेच तो खटका त्यांना शिकवला होता. बॉनेट उचलून त्यांनी दांडी लावली. बॅटरीवर एक जास्वंद टेकवून परत परडीत घेतलं. झाकणावर हळद-कुंकू वाहिलं; ते महाडात कुठल्या गाडीवर नसतं? मग वाकून, पत्र्याच्या आडची जागा बरोबर हेरून, तांब्यातली बारीक धार तिथे धरली.

"ऊब घे बाबा," त्या पुटपुटल्या. "सवचं पाणी हाय. माझ्या गुडघ्याला गुण आला, तुझ्या नाकालाही येईल. सोळा सोमवार करते तुझे. भाऊबीजेला मला भागोजीदादाकडं ने."

महिपती पाना घेऊन उठला आणि तसाच उभा राहिला. प्रयागबाईंनी मागे पाहिलं.

"कोण? महिपती? बरं झालं रे आलास. हात पुढं कर."

महिपतीने पाना खाली ठेवला, चप्पल काढली आणि हात पुढे केला. प्रयागबाईंनी त्याच्या तळहातावर तीर्थ घातलं, वर खडीसाखर ठेवली. "आज चौदावा हाय," त्या म्हणाल्या.

सातला गॅरेजमध्ये स्नेहल आणि महिपती समोरासमोर बसले होते. महिपतीच्या हातात गाडीचा तो प्लग होता. पितळी पिनांवर हिरवट-पांढरं पीठ साचलं होतं, बंबाच्या तळाला साचतं तसं.

"क्षार," महिपती म्हणाला. "गरम कुंडाचं पाणी. चौदा आठवडे. गाडी अजून चालते हाच चमत्कार म्हणायचा."

"तुम्ही सांगा त्यांना."

"मी? तीर्थ घेऊन आलोय बाई मी. साखर अजून जिभेवर हाय. त्याच जिभेनं कसं सांगू?"

"मग मी कसं सांगू? त्या उपाशी राहतात सोमवारी. माहेरी जायचं म्हणून करतायत सगळं, आणि जाणं अडलंय ते त्या पाण्यामुळेच, असं सांगू?"

"आणि निम्म्यात सोडायचंही नाय त्यांना," महिपती म्हणाला. "दोनच राहिलेत."

स्नेहल शाळेत गेली. महिपती दिवसभर दुसऱ्याच एका टेम्पोखाली पाठीवर पडून होता आणि एकही नट फिरवत नव्हता. संध्याकाळी तो हातपाय धुऊन आला आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला.

"काकी, एक विचारू? देवळात गेलात की पाणी कुठं घालता?"

"पिंडीवर. आणखी कुठं?"

"आणि नंदीला?"

"नंदीच्या डोक्यावर कोण पाणी घालतं रे? पायाला लावायचं आणि कानात सांगायचं."

"मग गाडी कोण? देव की वाहन?"

प्रयागबाईंची वात अर्धीच वळून राहिली. त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगो बाय! चौदा सोमवार नंदीच्या नाकात पाणी घातलं मी!"

"चालतं काकी. नंदी गरीब असतो. रागावत नाय."

"म्हणून तो दिवा लागायचा होय?"

"शिंकत होता बिचारा."

"मेल्या, मग पहिल्या दिवशीच सांगायला काय झालं होतं? नाकाला ऊब लागते असं तूच म्हणालास!"

"चुकलं माझं," महिपतीने कान पकडले. "आता राहिलेले दोन सोमवार चाकाला घाला. चारी पायांना."

"आणि कानात सांगायचं तें? गाडीला कान कुठं हाय?"

याची तयारी महिपतीने केली नव्हती. त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "हा डावा आरसा," तो शेवटी म्हणाला. "हाच कान. कसा बाहेर आलाय बघा."

त्याने पिना घासून साफ केल्या. प्लग नवा घालायला हवा होता, पण तो पुण्याहून यायचा होता आणि दिवाळीनंतरच येणार होता. "जुन्या पिनेचा भरवसा नाय," तो स्नेहलला हळूच म्हणाला. "कधीतरी परत लागेलही. पण ती आता नाकाची तक्रार नाय, नुसती सवय म्हणायची. फरक ध्यानात हाय ना?"

"एकसारखा असेल तर सावकाश. लुकलुकला तर थांबायचं."

"बास."

पंधरावा सोमवार चाकांवर पार पडला. मंगळवारी स्नेहलने चावी फिरवली. सगळे दिवे उजळले आणि सगळे विझले. ती वेळेवर शाळेत पोचली. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे दोनदा बघितलं. संध्याकाळी प्रयागबाईंनी विचारलं, "दिवा नाय लागला?"

"नाही, आई."

"बरं झालं गो." त्यांनी तुळशीपुढे निरांजन ठेवलं. थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, त्या म्हणाल्या, "म्हंजे आज फोन नाय यायचा."

फोन शुक्रवारी आला. सात मिनिटं चालला.

सोळावा सोमवार ऐन दिवाळीत आला. शाळेला सुट्टी होती. पहाटे अभ्यंगाच्या पाण्यासाठी उठलेल्या स्नेहलला खिडकीतून सासूबाई दिसल्या. चारी चाकांना पाणी झालं होतं. आरशाच्या कानात सांगून झालं होतं. तांब्यात घोटभर पाणी उरलं होतं. प्रयागबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, खटका ओढला आणि बॉनेट वर केलं. तांब्या हातात धरून त्या त्या नाकाकडे बघत उभ्या राहिल्या. खूप वेळ. मग त्यांनी बॉनेट हलकेच खाली केलं आणि उरलेलं पाणी तुळशीला घातलं.

स्नेहलने खिडकीची कडी आवाज न करता लावली.

खोटं बोललं म्हणून वर्गात मुलांना बाकावर उभं करणाऱ्या स्नेहलबाईंनी मंगळवारी सकाळी मस्कतला मेसेज पाठवला: 'दिवा लागलाय.'

चौथ्या मिनिटाला फोन वाजला.

"परत? महिपतीला काय येत नाय! दाखव मला."

"आधी आईंशी बोला," स्नेहल म्हणाली आणि फोन ओट्यावर दिला.

प्रयागबाईंनी तो ताटासारखा धरला आणि नंदीच्या नाकाची सगळी कथा पहिल्यापासून सांगितली. पान्यासकट, तीर्थासकट, चपलेसकट. प्रवीण इतका हसला, की मागून कुणीतरी मल्याळीत त्याला काहीतरी विचारायला आलं. तसं हसणं या घरात गेल्या पाडव्यापासून ऐकू आलं नव्हतं. मायलेक अर्धा तास बोलले. प्रयागबाई उठून चकलीचा डबा आणून दाखवून गेल्या, जणू काचेतून उचलता आली असती.

मग प्रवीण म्हणाला, "स्नेहल, आता दिवा दाखव."

तिने गाडीत बसून चावी फिरवली. दिवे उजळले. विझले.

"कुठं हाय?"

"नाही."

"मग मेसेज?"

तिकडे एसी घरघरत राहिला. इकडे पागोळ्याही नव्हत्या. पाऊस संपला होता.

"बोलायचं होतं," स्नेहल म्हणाली.

"मग तसं लिहायचं ना."

"तसं लिहिलं असतं तर शुक्रवारी केला असतात."

प्रवीणने फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाला, "कुडपणला निघालात म्हणे."

"हो. मी शब्द दिलाय."

"दिवा लागला तर..."

"हलवायची नाही. आधी तुम्हाला फोन."

"हां," प्रवीण म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने 'बरं, ठेवतो' म्हटलं नाही.

बुधवारी स्नेहल पोलादपूरच्या पुढे चढणीचं पहिलं वळण घेऊन परत आली. गाडी एकदा मागे सरकली, पण वळण झालं. भागोजीमामांसाठी धोतर आणलं.

भाऊबीजेला उजाडता उजाडता प्रयागबाई तयार होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, मांडीवर ओवाळणीचं ताट, पायाशी करंज्यांचा डबा आणि पाच लिटरचा तो कॅन.

"आई, आता हे पाणी कशाला?"

"दादाच्या गुडघ्यांना गो. ज्याचं त्याला."

स्नेहलने चावी फिरवली. दिवे उजळले. तिच्या कानात तो आवाज येऊन गेला. मग दिवे एकेक करून विझले. एक सोडून.

पिवळा.

ती इंजिनाकडे कान देऊन बसली. तिचा हात आपोआप फोनकडे गेला. मस्कतला साडेचार वाजले असतील. झोपेतून उठेल, आधी आवाज ऐकेल, मग तोंड बघेल, मग म्हणेल, हलवू नको. बेचाळीस मिनिटं बोलेल. वर डोंगरावर एक म्हातारा पाट मांडून बसला असेल.

"लागला काय गो?" प्रयागबाई म्हणाल्या.

"हो."

"लुकलुकतोय?"

स्नेहलने नीट पाहिलं. "नाही. एकसारखा आहे."

प्रयागबाईंनी तो दिवा पाहिला, मग तिच्या हातातला फोन पाहिला. त्यांचा चेहरा क्षणभर मऊ झाला. "प्रवीणला कळवायचं?"

"कळवू," स्नेहल म्हणाली. "मामांच्या अंगणातून."

तिने फोन करंज्यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवला. प्रयागबाईंनी काच खाली केली, ताट सावरत डाव्या आरशाशी तोंड नेलं आणि त्याच्या कानात हळूच काहीतरी सांगितलं. ते सांगून होईपर्यंत स्नेहल थांबली. मग तिने पहिला गिअर टाकला आणि फाटकातून बाहेर पडून गाडी सावकाश पोलादपूरच्या दिशेला वळवली.